हजेरीपटातली एकेचाळिसावी ओळ

टाचणी कधीच गळून गेली होती — कागदावर उरला होता तिचा तांबूस ठसा, आणि त्या ठशाखाली, पहिल्या तुकडीच्या हजेरीपटाच्या शेवटच्या, एकेचाळिसाव्या ओळीत, बाया नवसू... नावाच्या पोटातून लाल शाईची रेघ गेलेली. शेरा : विनापरवानगी गैरहजर, नाव कमी.

करिष्माने त्यावर बोट ठेवलं, उचललं. आईचं नाव.

लोणावळ्याच्या या कॉन्व्हेंटात ज्युनिअर कॉलेज निघून यंदा चाळीस वर्षं झाली. स्मरणिकेत त्याचा इतिहास लिहायचं काम प्रिन्सिपल सिस्टरांनी तिच्यावर, मराठीच्या शिक्षिकेवर, सोपवलेलं. सुरुवात सहज उतरली होती — चर्चमागच्या दोन खोल्या, मिशनने धाडलेले बाक, दहावी झालेल्या मुली घरी बसू नयेत म्हणून मावळात वाडीवाडीवर पायी फिरलेल्या सिस्टर... पण पहिल्या तुकडीतली नावं फक्त उत्तीर्ण मुलींची घ्यायची, असं सकाळीच बजावलं गेलं होतं. म्हणजे एकेचाळिसांतली चाळीस. मळवलीच्या वरच्या वाडीत आईला अजून ‘कालेजवाली’ म्हणतात. दीड महिन्याची कालेजवाली, म्हणून खाचरात रोपं लावताना बायका हसतात, आणि आईही हसते, पण वाकूनच, तिचं तोंड काही दिसत नाही. आबानं, आईच्या बापानं, तिला कॉलेजातून ओढून चिखलात उभी केली — हे करिष्मा लहानपणापासून धरून बसली होती. म्हातारा गेला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते...

मधल्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. तुझं नाव मी छापणारच, म्हणाली. पलीकडे आईने आधी कोंबड्या हाकलल्या.

“माजं नगं,” आई म्हणाली. “आबा सांगाया गेलता, त्ये लिही.”

“काय सांगायला? कुणाला?”

“फाटकावरच्या मावशीला. भाताची आवणी हाय, पंधरा दिस पोर लागंल, मंग मीच आणून घालतो म्हनून. वाडीत दारात जाऊन सांगितलं की झालं. अर्ज लिवाया लागतो, ह्ये कुटं ठावं आमाला? आवणी उरकून आलो दोघं, तर नाव न्हाई.”

“मला कधी बोलली नाहीस ते?”

“तू इचारलंस कवा? तुजा राग लय मोठा.”

फोन ठेवला तरी ते दोघं जाईनात — बाप पुढे, लेक मागे, पायांना चिखल वाळलेला, आणि मधे बंद फाटक. दोघांनीही त्यानंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. करिष्मा मात्र इतके दिवस फाटकाच्या आतून लिहीत होती, खिडकीतून दिसेल तेवढंच.

तिने पान फाडलं, नवं घेतलं, लिहिलं : पहिल्या तुकडीत एकेचाळीस मुली होत्या. सिस्टर खोडतील, खोडू देत, मी पुन्हा लिहीन, पुन्हा खोडलं तर पुन्हा... ते अवघड नव्हतं. अवघड होतं पुढचं वाक्य. आबा तिथे उभा होता तो कसा — मुंडासं डोक्यावर की हातात, आवाज खाली की नेहमीचा — तिला ठाऊक नव्हतं. आणि आज पहिल्यांदाच, त्याच्याबद्दल काही ठाऊक नसणं तिला सोसवत नव्हतं.