भरून आलेलं मापटं

“भांडं ज्याचं त्याला रिकामं परत द्यायचं न्हाई. आन् कावून ते इचारायचं न्हाई.”

सरस्वतीबाईंनी हे लेकीला बजावलं तेव्हा योगेश्वरी सहा वर्षांची होती. शेजारून विरजण आणलेली वाटी ती घासूनपुसून, पण रिकामीच परत द्यायला निघाली होती. आईनं तिला दारातून माघारी बोलावलं आणि वाटीत चिमूटभर साखर टाकली. योगेश्वरीनं विचारलंच, “का?” तिला उत्तराऐवजी टपली मिळाली. मी कोठीवरून सगळं पाहत होतो.

मी मापटं. अर्ध्या शेराचं पत्र्याचं माप, काठाला लोखंडी पट्टी. योगेश्वरीचे आजोबा नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायला गेले होते. बैलांचा भाव ऐकून ते हबकले आणि मला घेऊन घरी आले. “बैल कुठंय?” असं घरच्यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी मला पुढं केलं. बरेच दिवस मला सगळे ‘बैल’च म्हणत.

त्या घरात माझा मान मोठा होता. खळ्यावर पहिलं माप माझ्यानं मोजत. पहिल्या मापाला ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन. सालगड्यांचं वर्षाचं धान्यही माझ्यातूनच गेलं. घरच्यांच्या ताटात किती वाढलं हे मात्र मी कधी मोजलं नाही. ते मोजायची कुणाला गरजच नव्हती.

पुढं किलोचे काटे आले आणि मी कोठीवर पडलो. आजही तिथंच आहे. पट्टी गंजली आहे, आत एका कोळ्यानं जाळं केलं आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका महिन्याचं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. आमचं गाव घाटनांदूरपासून फार लांब नाही, इथं टँकर चार दिवसांआड येई. निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं कोयते घेऊन उसाच्या फडावर गेली होती आणि मागं म्हाताऱ्या राहिल्या होत्या.

योगेश्वरी नुकतीच एम. ए. होऊन घरी आली होती. तिचे वडील मोहनराव सेवा सोसायटीचे चेअरमन. तिनं बापाच्याच सोसायटीला अर्ज दिला, की यंदाच्या नफ्यातून गावातल्या निराधार बायांना पावसाळ्यापर्यंत महिन्याला दोन पायल्या ज्वारी द्या. नफ्याचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं. सोसायटीला पन्नास वर्षं होत होती. मंडप, फेटे आणि गावजेवण.

ओसरीवर चुलते सुंदरराव तंबाखू मळत म्हणाले, “सरकार म्हैन्याला सहाशे देतंय की. रेशन हाय. एकट्या म्हातारीला लागतंय काय? दोन भाकरी आन् कपभर च्या.”

“काका, तुमची तंबाखूच सहाशेची होते.”

“मंग तूच ऱ्हाऊन दाव की सहाशेत. आठ दिवसांत आईकडं पळत येशील.”

“महिना राहीन.”

मोहनराव एवढा वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “म्हैना निभला तर अर्ज माघारी घ्यायचा. न्हाई निभला तर ज्वारी देऊ. हाय कबूल?”

ती कबूल झाली. निभणारच नाही आणि सगळ्यांना दिसेल, असं तिला वाटलं. पण तिचा स्वभाव वडीलधाऱ्यांनी बरोबर ओळखला होता. हार मानायची वेळ आली की ही पोरगी दात आवळते, हे त्यांना माहीत होतं.

सहाशे रुपये, पाच किलो रेशन आणि दाणे मोजायला मी, एवढं घेऊन ती गावकुसाला छबुबाईच्या शेजारी राहायला गेली. खोली छबुबाईच्या लेकाची होती. तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. जाताना आईसाठी त्यानं थोडी ज्वारी ठेवली होती. छबुबाई सत्तरीची. निराधाराचा पगार दोन-दोन महिने थकायचा, म्हणून ती ज्वारी तिला पुरवून पुरवून खायची होती.

पहिल्याच सकाळी ती दारात आली. “माय, तुजं मापटं दे जरा. मोजून घेते, म्हंजी हात सैल सुटत न्हाई.”

मला घेऊन ती आत गेली. दिवसाचे दाणे मोजले, जात्यात ओतले. मग मला परत देताना थांबली आणि डब्यातून एक मूठ ज्वारी काढून माझ्यात टाकली. रोज असंच चाललं. कधी एक मूठ, कधी दोन.

योगेश्वरी ती ज्वारी आपल्या डब्यात ओती. लहानपणापासून पाहिलेली रीत, तिला वेगळं काही वाटलंच नाही. वहीत ती खर्च लिही, मीठ, मिरची, काडेपेटी. मुठींची नोंद कधी झाली नाही. भांड्यातून आलेलं कुणी घेतलेलं धरत नाही. उसनं मागणारा भरून देतो आणि ज्याच्या घरी भांडी त्याच्याच घरी दाणे येतात, हे एवढं शिकलेल्या पोरीच्याही ध्यानात आलं नाही. मला कळत होतं. मी रोज भरून येत होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं कोठीवर पडून होतो, पुन्हा पोटात दाणे आले होते.

पंचविसाव्या दिवशी तिनं वहीतलं पान फाडून घरी पाठवलं. ‘पुरले. वर आठवड्याची ज्वारी शिल्लक.’ तिला फार आनंद झाला होता.

सव्विसाव्या दिवशी छबुबाई टँकरपाशी रांगेत बसली ती उठेचना. योगेश्वरीनं तिला धरून तिच्या घरात आणलं, भाकरी करायला तिचा डबा उघडला. तळाला हाताला लागतील एवढेच दाणे होते.

“मावशी, ज्वारी कुठं गेली?”

छबुबाई हसली. “तुलाच दिली की. तुजं मापटं रिकामं कसं धाडू? आन् सुंदरराव म्हनले हुते, पोरगी आठ दिवसांत पळंल. म्हनलं, आपल्या शेजारात हाय, हरू द्यायची न्हाई.”

योगेश्वरी चुलीपासून उठली. मग आपला डबा आणून छबुबाईच्या डब्यात रिकामा केला. पण आवळलेलं पोट तेवढ्यानं भरत नाही. छबुबाई मृगाच्या आधीच गेली. वय झालं होतं, असं गाव म्हणालं. मला तसं म्हणता येत नाही. तुमच्या घरी कुणी काही भरून पाठवलं, तर त्याच्या डब्यात काय उरलं ते एकदा विचारा. मला विचारता आलं नाही.

पण ते नंतरचं. महिना संपला त्या सकाळी योगेश्वरी मला पिशवीत घालून सोसायटीत गेली. टेबलावर तिचं ते पान पडलं होतं. सुंदरराव खुशीत होते.

“वाघीण निघाली आपली पोरगी. ठराव लिवलाय, सहाशे पुरत्यात म्हनून. अर्ज माघारी घेतल्याची तुजी सही तेवढी पायजे.”

मोहनरावांनी पेन पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

“सही करणार नाही.”

“ठरलं हुतं, योगू,” मोहनराव म्हणाले.

“सहाशेत राहायचं ठरलं होतं, दादा. मी राहिले नाही. मी छबुबाईची ज्वारी खाल्ली, रोज. चेअरमनच्या लेकीला गाव उपाशी ठेवत नाही. तिला कोण देतं?”

“मंग हरलीस म्हन की सरळ,” सुंदरराव हसले.

“हरले. काढा ज्वारी.”

सुंदररावांचं हसू तोंडावरच राहिलं. मोहनरावांनी ठरावाच्या कागदाकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर. पुढं केलेलं पेन अजून त्यांच्या हातातच होतं.