अकराचा ट्रे

अंडी डझनाने विकली जातात, म्हणून आमच्या पॅकिंगच्या कारखान्यात सगळेच आकडे डझनाने लिहितात. डावीकडे डझन किती, उजवीकडे सुटी किती. सुटी दहा उरली तर चोचीची खूण काढायची, अकरा उरली तर पिसाची. बाहेरचे तेवीस म्हणजे आमचे एक-पीस.

मला कामावर लागून महिनाच झाला होता. मावशी मात्र तिथे एकतीस वर्षं दिव्यासमोर अंडं धरून तडा शोधत होती. सोमवारी तिला साठ पूर्ण झाली आणि मॅनेजरसाहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : 'वय २० च्या आत घेऊ नये. वय ६० झाल्यावर ठेवू नये.'

"घरी काय करू?" मावशी मला म्हणाली. "तुझे काका निवृत्त झाल्यापासून कणीक मळतानासुद्धा सूचना देतात."

मी साहेबांकडे गेले. "साहेब, पाटी कारखान्याच्या भिंतीवर आहे. इथे ६० म्हणजे सहा डझन. बहात्तर. मावशी तर आत्ता कुठे पाच डझन, म्हणजे ५०."

साहेब काटेकोर माणूस. त्यांनी बोटांवर मोजलं, दोनदा. मग स्वतःचं सत्तेचाळीस मोजलं. "तीन-पीस! अगं, म्हणजे मी अजून चाळिशीतसुद्धा नाही!" त्यांनी लगेच बायकोला फोन लावला.

मावशीला बारा वर्षं मिळाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"तुझं वय?"

"बावीस."

"आपल्या हिशेबाने?"

"एक-चोच," मी म्हणाले, आणि पाटीकडे पाहिलं.

"पाटीवरचे २० म्हणजे चोवीस. दोन वर्षांनी ये, बाळ."

"शिकलेल्या माणसांना गप्प बसवत नाही," मावशी डबा उघडत म्हणाली. "काढ आता वाट."

मी ट्रेच्या झाकणावर आकडेमोड केली. बाराऐवजी अकराचे गट केले, तर बावीस म्हणजे दोन गट, सुटं काही नाही. २०!

"आणि मी?"

"पाच गट, वर पाच. ५५."

"मग साठ कधी?"

"सहासष्टला."

"काल बहात्तर होते ना?"

मावशीने एक अंडं दिव्यासमोर धरलं, फिरवलं, खाली ठेवलं. मग उठून चिकटपट्टी घेतली आणि ट्रेचा बारावा खळगा बंद करून टाकला. तो ट्रे घेऊन ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"अकराचा ट्रे कोण घेणार?" साहेब म्हणाले.

"ज्याला बारावं नेहमी फुटकं मिळतं तो."

ते साहेबांना पटलं. पण त्यांनी स्वतःचं वय पुन्हा मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी त्रेचाळीस होतोय. काल चाळीसच्यासुद्धा आत होतो हो."

"खऱ्यापेक्षा चार वर्षं कमीच आहेत," मावशी म्हणाली. "घ्या गोड मानून."

त्यांनी उसासा टाकून सही केली.

दुपारभर आम्ही बारावे खळगे बुजवले. मग मावशीने एक उरलेलं अंडं माझ्या हातात दिलं आणि मला दिव्यापाशी ओढलं. "नीट बघ. सहा वर्षांनी या स्टुलावर तूच बसायचंस."

तडा मला दिसेना. तिने माझा हात किंचित तिरका केला.

"आणि काकांना बहात्तरच सांग."