सायकलीला पेट्रोल

मझुझू गावच्या स्टँडवर भरदुपारी आमच्या टॅक्सी मागवायच्या ॲपची फजिती झाली. सायकल टॅक्सीवाल्यांचे अध्यक्ष म्कांदावायरे यांनी फोनवरून पहिली फेरी मागितली, तर उत्तर आलं : सायकलीत पेट्रोल नाही, फेरी नामंजूर. सगळा स्टँड खो खो हसला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत सुधारा, नाहीतर आमच्या सायकली दुसऱ्या कंपनीकडे जातील, असं बजावून ते आमच्या ऑफिसातच येऊन बसले.

चूक आमच्या मुख्य प्रोग्रॅमरची, गोंद्वेसाहेबांची. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'मोटरसायकल' हा मूळ क्लास, म्हणजे साचा. आम्ही त्याला आई म्हणतो. आईत लिहिलेलं लेकरांना आपोआप मिळतं. दोन चाकं, मागे प्रवासी, मग फरक काय, असं म्हणून साहेबांनी सायकलीला तिची लेक करून टाकलं. बिचारीच्या पदरात पेट्रोलची अटही पडली. आता साहेब म्हणाले, सायकलीपुरती ती अट झाकून टाकू. ठिगळं लावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

नुकतीच नोकरीला लागलेली वेझी चावुला उठून उभी राहिली.

"उद्या ती लायसन्स मागेल, साहेब. किती झाकाल? मोटरसायकल आणि सायकल, दोघींच्या वर नवी आई बसवू."

आईला हात फक्त साहेबांनी लावायचा, असा आमच्याकडे दंडक.

"आणि गावातल्या चालू मोटरसायकली बंद पडल्या तर?" साहेबांनी विचारलं.

"तर माझी नोकरी गेली."

मला तिचा रागच आला. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायची ही कुठली हौस? पण साहेबांनी उठून आपली खुर्ची तिला दिली.

वेझीनं 'वाहन' नावाची आई लिहिली. चालक, ठिकाण, प्रवासी, भाडं, एवढंच तिच्यात ठेवलं. पेट्रोल, लायसन्स मोटरसायकलीकडेच राहिलं. मग दोघींना वाहनाच्या लेकी केलं आणि बदल चालू केला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. गावातली एकही मोटरसायकल अडली नाही. अध्यक्षांनी पुन्हा सायकल मागितली. मंजूर!

मंदासीचा, म्हणजे तळलेल्या गोड वड्याचा, तुकडा तोंडात टाकत त्यांनी खोडी काढली. "मुली, सरोवरावरच्या होड्या जमतील का गं?"

वेझीनं होडीपुरता तरंगत्या जाकिटांचा नियम लिहिला. बाकी सगळं आईकडून आलं. अध्यक्षांची मंदासी संपायच्या आत होडी पडद्यावर चालू लागली. करार इथेच करू, म्हणाले.

गोंद्वेसाहेबांनी घसा साफ केला. "सगळ्यांनी ऐका. आजपासून आईला हात लावायचा तर वेझीला विचारायचं. मीसुद्धा."

टाळी पहिली मी वाजवली.