उपाशी ओळीतले झाड

नांदेडहून आलेल्या मालविकेने शिवणीच्या झाडाचे पान देठाशी कातरले आणि तत्क्षणी द्रवरूप नत्राच्या भांड्यात सोडले. भांड्याच्या तोंडातून पांढरा धूर उसळला, बुंध्याशी उतरला आणि तिथल्या भस्म लावलेल्या दगडाला वेढून विरून गेला.

"दोनदा पानं नेलीत. आता तिसऱ्यांदा कशाला?" बांधावर बसलेल्या सिद्रामप्पांनी विचारले.

"खात्रीसाठी, अप्पा."

पलीकडे लातूरच्या एका कोचिंग क्लासचा माणूस, दयानंद, फीत धरून रान मोजत होता.

"खात्री काय करता, बाई? इथं होस्टेल उठलं की बघा. लातुरात उसापेक्षा पोरांचं पीक लई जोरात हाय," तो हसत म्हणाला.

औशाजवळचे सिद्रामप्पांचे हे रान त्याला सलग हवे होते. सौदा अडला होता तो त्या दगडापाशी. सिद्रामप्पांची भूकंपात गेलेली लेक उज्ज्वला, तिला लिंगायतांच्या रीतीने तिथे बसवून माती दिली आहे, असे तिची आई शांतम्मा मानत असे. लेकीच्या डोक्यावर इमारत चढू द्यायला ती राजी नव्हती. सिद्रामप्पांनीच मग मालविकेला गळ घातली होती. झाडाच्या पोटातले सांगणारे यंत्र नांदेडला आहे, तर बुडाशी काही नाही एवढे त्याच यंत्राने शांतम्माला सांगावे.

मालविकेला ते सोपे वाटले होते. तिने प्रयोगासाठी या रानात लावलेल्या शिवणींपैकी या ओळीला हेतुतः नत्र दिलेले नव्हते. नत्रावाचून झाडाला वाढता येत नाही आणि न वाढणाऱ्या झाडाला साखर खर्चायची नसते. असे झाड ती पानांत कोंडते आणि साखर फोडणारी जनुके जणू निजवून ठेवते. ओळीतली सगळी झाडे अशीच पिवळसर, निजलेली होती. मातीत नत्र देणारा देह नसेल, तर दगडापाशचे झाडही तसेच निघायला हवे होते.

"हे एक तसं नाही," ती म्हणाली. "याची जनुकं जागी आहेत. साखर येते तशी खर्च होते. पोटभर खाणाऱ्या झाडासारखी."

"वाऱ्यानं युरिया पडला असंल," सिद्रामप्पा म्हणाले.

"शेजारचं झाड हे एवढ्यावर आहे. ते उपाशीच आहे. शेणखत टाकलंत का?"

"न्हाई."

"शांतम्मा दूधबीध ओततात?"

"भस्म लावती. बसती. बोलती. दुसरं काय न्हाई."

मालविकेने भांड्याचे झाकण सावकाश बसवले.

"मग खाली तुमची मुलगी आहे, अप्पा. दुसरं कारण मला सापडत नाही. नाही म्हणून त्यांना कसं सांगू?"

सिद्रामप्पांनी गुरांच्या कोठ्याकडे पाहिले. शांतम्मा दारात पाठमोरी बसून ज्वारी पाखडत होती. त्यांनी आवाज उतरवला.

"खाली कुणी न्हाई, बाई. पोरगी सगळ्यांसंगं सरणावर गेली. आमच्यात जाळत न्हाईत, पण त्या दिवशी कोण कुणाला विचारणार? ही सोलापूरला दवाखान्यात होती, पाय मोडून. परत आली अन् पहिलं हेच विचारलं, कुठं बसवली? मग मी हा दगड आणला. खड्डासुद्धा खणला न्हाई. निसता मुरूम हाय तिथं."

बुंध्यावर टेकलेला आपला हात मालविकेने काढून घेतला. ओळीतल्या इतर झाडांची पाने निपचित लोंबत होती. या एका झाडाला टोकाटोकाशी कोवळे, तांबूस कोंब फुटले होते आणि वारा नसताना ते किंचित हलत होते.

"अप्पा, हे झाड धरून मोजू का सोडून?" दयानंदाने विचारले.

"सोडून."

"सोडलं तर सौदा ऱ्हात न्हाई, बघा."

"न्हाई तर न्हाई."

सिद्रामप्पा उठले. सावलीच्या कडेशी त्यांनी वहाणा काढल्या, आत आले आणि दगडासमोर, थोडे एका बाजूला सरकून, बसले. मग घरात बोलतात तसे, हलक्या कानडीत, त्यांनी काहीतरी विचारले.

मालविकेला कानडी येत नव्हती. विचारून झाल्यावर ते उत्तरासाठी थांबले, एवढेच तिला कळले. आणि काही वेळाने त्यांनी मान डोलावली.