भाऊजींचा सेटअप

धाकट्या दिरानं नोकरी सोडली तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सॉफ्टवेअरमधला माणूस, आज सोडली तर उद्या दुसरी मिळेल, असं तिचा नवरा म्हणाला आणि सासूबाईंनी मान डोलावली. दिराला स्वतःचं काहीतरी बनवायचं होतं. काय बनवणार, असं विचारल्यावर त्यानं वहिनीकडे बोट दाखवलं. ती एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये रिसेप्शनवर बसायची. रोज साठेक पेशंटच्या वेळा जाड रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. त्या खाडाखोडीत आठवड्यातून दोनदा तरी एकाच मशीनपाशी दोन गुडघे येऊन उभे राहायचे, आणि दोन्ही गुडघ्यांचे मालक तिच्यावरच डाफरायचे.

"वहिनी, महिन्याभरात तुम्हाला असा प्रोग्रॅम करून देतो की रजिस्टर रद्दीत घालाल," दीर म्हणाला.

तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. पुढे ती स्वतःच सांगायची की त्या वर्षातली तिची सगळ्यात मोठी चूक तीच.

पहिला महिना टेबल मांडण्यात गेला. मागच्या खोलीतलं तिचं शिलाई मशीन बाहेर आलं, तिथं दोन स्क्रीन बसले, एक आडवा, एक उभा. कीबोर्ड असा आणला की त्याची खडखड स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. मग अक्षरांचा शोध सुरू झाला. शून्य आणि ओ यांच्यात गल्लत होणार नाही असा फॉन्ट हवा होता, आणि त्यासाठी त्यानं तिला पोळ्या लाटताना तीनदा उठवून नेलं. तिन्ही वेळा तिला सगळी शून्यं सारखीच दिसली. त्यानंतर रंग. काळ्या पार्श्वभूमीवर डोळे दुखतात म्हणून पांढरी, पांढरी डोळ्यांत जाते म्हणून पिवळसर, आणि शेवटी परत काळी.

जेवताना तो या सगळ्याचं वर्णन करायचा, आणि सासूबाई कौतुकानं ऐकायच्या. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी म्हणे वेगळा बंद डबा करायचा असतो, म्हणजे एकातलं दुसऱ्यात सांडत नाही. ते डबे करायचं एक साधन त्यानं घेतलं, चार आठवडे लावलं, मग त्याहून चांगलं निघालं म्हणून पहिलं काढून दुसरं घातलं. ती खाली मान घालून जेवायची. खोलीत गेल्यावर मात्र नवऱ्याला म्हणायची, "तुझा भाऊ पैलवान आहे रे. सहा महिने झाले, लंगोटच शिवतोय." नवरा हसू दाबायचा आणि त्याला वेळ दे म्हणायचा.

सातव्या महिन्यात तिनं सरळ विचारलं, भाऊजी, माझ्या प्रोग्रॅमचं कुठवर आलं. त्याचा चेहरा उजळला. आता एक ओळ टाइप केली की कुठल्याही कोऱ्या कॉम्प्युटरवर त्याचं सगळं सामान चार मिनिटांत आपोआप मांडलं जातं, असं त्यानं सांगितलं आणि करूनही दाखवलं. पडद्यावर हिरव्या ओळी सरसर खाली गेल्या.

"आणि त्यावर चालवायचं काय?" तिनं विचारलं.

"ते आता फक्त लिहायचं राहिलंय."

त्या दिवसापासून तिनं त्याला विचारणं सोडलं. लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट कपाटाच्या तळाशी पडून होतं. सेंटर दुपारी दीड ते चार बंद असायचं. त्या वेळात तिनं रिसेप्शनवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून शिकायला घेतलं. एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, टाका असं व्हिडिओतला माणूस म्हणाला की ती टाकायची. चाललं नाही तर दुसरी टाकायची. कोड ती साध्या नोटपॅडमध्ये लिहायची, कारण तिथं तेवढंच होतं. मधे एकदा एखादा नमुना बघावा म्हणून दिराला विचारून त्याच्या कॉम्प्युटरवर बसली. तिच्या प्रोग्रॅमच्या नावाचे चौदा फोल्डर निघाले, नवा, अगदी नवा, शेवटचा, खरा शेवटचा. प्रत्येकात सेटिंगच्या ढीगभर फायली, आणि मुख्य फाइलमध्ये एकच ओळ: इथून सुरुवात. फोल्डर बंद करून ती उठली.

एकोणीस दुपारींत तिचा प्रोग्रॅम उभा राहिला. दिसायला राखाडी, बटणं वाकडीतिकडी, पण एका मशीनवर एका वेळी दुसरा पेशंट घालायला गेलं की साफ नकार द्यायचा. सेंटरच्या डॉक्टरबाईंनी तो पंधरा दिवस वापरून बघितला आणि रजिस्टर बंद केलं.

रविवारी तिनं तो लॅपटॉपवर घरच्यांना दाखवला. दिरानं वाकून पाहिलं आणि कुठल्या एडिटरमध्ये लिहिलं ते विचारलं. नोटपॅडमध्ये, ती म्हणाली. तो हसला. वाईट हसला असंही नाही, पण हसला, आणि अशा पद्धतीनं लिहिलेला कोड टिकत कसा नाही ते सासूबाईंना समजावून सांगू लागला.

तिनं त्याला पुरं बोलू दिलं. मग शांतपणे चौदा फोल्डरांची नावं एकेक करून सांगितली, आणि आत काय आहे तेही सांगितलं. "आठ महिन्यांत भाऊजींनी दोन शब्द लिहिलेत, आई," ती म्हणाली. "आणि तेच चौदा वेळा."

दीर उठून मागच्या खोलीत गेला. खडखड ऐकू आली नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझं खरं असेल, पण असं सगळ्यांसमोर काढायचं नव्हतंस. तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

दोन महिन्यांत दिराला नोकरी लागली आणि तो वेगळा राहायला गेला. मोठी कंपनी, दोनशे प्रोग्रॅमर. नव्या माणसाचं मशीन कामाला तयार व्हायला तिथं आठवडा लागायचा, ते यानं अर्ध्या तासावर आणलं. सगळे त्याला मानतात, वरचे साहेब नाव घेऊन हाक मारतात, असं सासूबाई फोन ठेवल्यावर सांगायच्या. "म्हणजे जेवायला दुसरे, हे पाट-पाणी मांडणार," ती म्हणाली. शिलाई मशीन तर तो गेला त्याच दिवशी तिनं परत मागच्या खोलीत नेलं होतं.

पुढच्या वर्षी एका मंगळवारी सेंटरचा कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचा. डॉक्टरबाईंनी नवा मागवला. प्रोग्रॅमची आणि पेशंटच्या माहितीची प्रत तिच्याकडे पेनड्राइव्हवर होती, त्यामुळे ती निश्चिंत होती. नव्या मशीनवर चालवायला गेली तर पडदाभर लाल अक्षरं. तीन दिवस ती त्या अक्षरांशी झगडली. जुन्या मशीनवर काय काय, कुठल्या क्रमानं टाकलं होतं, तिला काही आठवेना. रजिस्टर पुन्हा निघालं. शेवटी नवऱ्यानंच तिला न विचारता भावाला फोन केला.

शनिवारी दुपारी दीर पाठीवर बॅग लावून सेंटरमध्ये आला. तिच्या खुर्चीत बसला. कुठली लायब्ररी, कुठली व्हर्जन, असं त्यानं विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली. लिहून ठेवलंय का कुठं? नाही. त्यानं सुस्काराही सोडला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिच्या फायलींच्या तारखा बघत, त्या सुमारास कुठली व्हर्जन चालू होती ते शोधत, त्यानं एकेक वस्तू जागेवर बसवली. पंचवीस मिनिटांनी राखाडी पडदा उघडला. सगळ्याची यादी त्यानं एका फाइलमध्ये लिहून ठेवली, पुन्हा वेळ आली तर एक ओळ टाइप करा, बस.

उठायच्या आधी तो तिचा कोड वाचू लागला. ती मागं उभी होती.

"पासवर्ड इथं उघडाच लिहिलाय, वहिनी. एवढ्या पेशंटचे फोन, कुणाला काय झालंय, सगळं आहे आत. फाइल हाती लागली की कुणीही वाचेल."

"चालतंय ना?"

"चालत होतं," तो म्हणाला.

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आभार मानायचे असं घरून ठरवून आली होती, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मी निदान सुरुवात तरी केली होती, भाऊजी."

तो वायर गुंडाळत होता. "हो," तो म्हणाला. "ते मला अजूनही जमत नाही. कोरी फाइल उघडली की हात चालत नाहीत." घड्याळात किती वाजले ते सांगावं तशा आवाजात त्यानं ते सांगितलं, बॅग उचलली आणि चार वाजता उघडणाऱ्या दारातून आत येणाऱ्या काठीवाल्या आजोबांना वाट देऊन निघून गेला.

फुशारकी मारणाऱ्या माणसासाठी तिच्यापाशी खूप काही साठवलेलं होतं. त्यातलं काहीच इथं उपयोगी पडेना, याचाच तिला राग आला. आजोबांची वेळ तिनं नव्या कॉम्प्युटरवर घातली आणि ती लागलीच पडद्यावर आली.

पासवर्ड तिथून हलवून नीट लपवायला तिला चार दुपारी लागल्या. भाऊजींना तिनं ते कळवलं नाही.