फ्लॉवरचा पाला

हे गेल्यावर मी गोग्रासाचा नेम धरला. गाईच्या मुखी घास गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही. हडपसरला आमच्या इमारतीमागे सर्जेरावांचा गोठा अजून टिकून होता. तिथली तांबडी पाडी माझी चाहूल लागली की दावं ताणून उभी राहायची. दिवसभरात माझी वाट बघणारं तेवढंच कोणी. म्हणून मी पोळीबरोबर फ्लॉवरचा पालाही नेऊ लागले. तिचं खाणं लांबायचं, मला जरा जास्त थांबता यायचं.

"काकू, ही आता तुमचीच लेक," सर्जेराव म्हणायचे. "आमाला नुसती शिंगं दावती."

दिवाळीनंतर पाडी खंगली. पोट सुटलं, केस राठ झाले, जबड्याखाली पाणी साठलं. जंतांचं औषध दोनदा पाजलं. महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डॉक्टर आले तेव्हा मी तिथेच होते.

"बाकीच्या चार गाई ठणठणीत, मग हिलाच का? हिला वेगळं काय घालता?"

"काय बी नाय सायेब. समद्यांना एकच कडबा."

माझा पाला त्यांना आठवलाच नाही. देवाच्या नावानं दिलेलं ते खाण्यात धरतच नव्हते. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. पाडी माझा पदर चघळत होती.

"मी देते," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "फ्लॉवरचा वरचा पाला. रोज."

"धुऊन?"

आमच्याकडे फ्लॉवर मीठ-हळदीच्या पाण्यात तासभर ठेवल्याशिवाय चिरत नाहीत. फवारणीचा वास मलाही येई. पाला मात्र मी त्याआधीच काढून पिशवीत भरायची.

"नाही," मी म्हटलं. "धुते तो माझ्यापुरता गड्डा."

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "तपासल्याशिवाय पक्कं नाही सांगता येणार, आजी. पण फवाऱ्याचं विष रोज थोडं थोडं पोटात गेलं की जनावर लगेच पडत नाही. अंगातला प्रतिकार कमी होतो, मग जंतांचं फावतं. आता फक्त कोरडी वैरण."

सर्जेरावांनी पेंढी सोडून पुढ्यात टाकली. पाडीनं हुंगलीसुद्धा नाही. माझ्या पिशवीकडे मान लांबवून उभी राहिली.

"काकू," ते खाली बघत म्हणाले, "तुमी दिसला की ही कडबा खायाची नाय. बरी होईस्तोवर इकडं येऊ नका."

"नुसती पोळीसुद्धा नको?"

"तुमीच नको."

दुसऱ्या दिवशी देवळातून लांबच्या रस्त्यानं घरी आले. मागची खिडकी लावून घेतली, ताट वाढलं. अकराला हंबरणं सुरू झालं. ती माझी वेळ. मी पाटावरून उठले नाही. बऱ्याच वेळानं हंबरणं थांबलं. ती कडब्याकडे वळली असेल असं धरलं आणि पहिला घास उचलला.