रोजचा आहार : भरपूर

मी बकुळा, बायोकेमिस्ट. लोक म्हणतात, पोरगी हुशार. हुशार कसली, डोंबलाची!

वय वाढलं की शरीर साखर कशी वापरतं, यावर परळच्या प्रयोगशाळेत माझं काम चालू होतं. माणसांनी उपाशीपोटी यायचं, रक्त आणि लघवी द्यायची, ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. साठीच्या आसपासची माणसं हवी होती. ती मी माझ्या माहेरच्या, वरळीच्या बीडीडी चाळीतूनच गोळा केली. गिरणीसंपाला तेव्हा अकरावा महिना लागला होता, सगळे घरीच होते. शेजारचे कुशाबाकाका तर एका हाकेवर आले. लहानपणी मी निम्मी जेवणं त्यांच्याच घरी जेवलेय.

फॉर्मवर 'रोजचा आहार' असा रकाना होता. मी आपलं चाळीतल्यासारखं विचारलं, "काका, जेवणखाण व्यवस्थित ना?"

"हो तर! भरपूर!"

मी लिहिलं, भरपूर. चाळीतल्या चौदाही जणांचं तेच लिहिलं.

चौदापैकी अकरा जणांची साखर दोन तासांनीही चढलेलीच. मी खूश! वयाचा परिणाम कसा स्वच्छ दिसतोय, म्हणून आलेख सगळ्यांना दाखवत फिरले. काकांची साखर सगळ्यांत जास्त. माझा रिपोर्ट बघून आमच्या डॉक्टरांनी त्यांना मधुमेहाची गोळी सुरू केली. वर मी दम दिला, "भात बंद, साखर बंद!" काका नुसते हसले.

चौथ्या दिवशी सकाळी लघवीचे राहिलेले नमुने तपासायला घेतले. रसायन टाकताच चाळीतल्या एकेकाची नळी गडद जांभळी होत गेली. म्हणजे शरीर स्वतःचीच चरबी जाळत होतं. एका रात्रीच्या उपासाने इतका रंग येत नाही. त्याच चाळीतल्या, त्याच वयाच्या, पण पोस्टात नोकरीला असलेल्या शामरावांची नळी मात्र फिकट, आणि साखरही ठीक.

अगं बाई, वय कुठलं, ही तर भूक! फार दिवस पोटात पुरेसं अन्न गेलं नाही, की शरीर साखर हाताळायची सवयच विसरतं. पुस्तकात वाचलं होतं मी हे! आणि अशा उपाशी माणसाला आम्ही साखर उतरवायची गोळी दिली होती.

ग्लुकोजचा पुडा उचलला, टॅक्सी केली. टॅक्सी पुलावर अडकली, तशी उतरून धावत सुटले.

काका खाटेवर घामाने निथळत होते. मला ओळखेनात.

"सकाळी गोळी घेतली नि असं झालं," तुळसाकाकू रडत म्हणाली. स्टोव्ह थंड होता.

गिळता येत होतं, एवढंच नशीब. पाण्यात ग्लुकोज कालवून मी चमच्याचमच्याने भरवायला लागले. "काका, मेलात तर खबरदार! ऐकताय ना? खबरदार!"

वीसेक मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले.

"बकुळा? जेवलीस का गं?"

चाळीत या प्रश्नाला एकच उत्तर देतात, 'हो तर!' घरात दाणा नसला तरी तेच. या चाळीत वाढलेल्या मला हे कळायला नको होतं?

"नाही जेवले, काका," मी म्हटलं. "तुम्ही?"

काका काकूकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"परवापासून नाही."